निर्णय कोणाच्या हातात आहे?

"ताई, तुमच्याकडे आलो तं नेमकं काय होते जी?" फोनवर फीच्या आधी हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. डॉक्टरकडे गेलं की गोळी मिळते, वकिलाकडे गेलं की अर्ज तयार होतो. लाइफ कोचकडे तासभर बसून, बोलून, शेवटी पदरात काय पडतं?

मी चंद्रपुरात राहून हे काम करते. माझ्याकडे ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातले अभियंते येतात, कोळसा खाणीतले कर्मचारी येतात, शिक्षक, ग्रामसेवक, नर्सेस येतात. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथल्या अभ्यासिकांमधली मुलंमुली हा माझा दुसरा मोठा गट. भामरागड-एटापल्लीकडे नोकरीला असलेली माणसं फोनवर भेटतात, रेंज असेल तेव्हा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा रस्ता तुटला की ठरलेली भेट पुढे जाते, आणि त्याबद्दल कुणी कुणाला दोष देत नाही.

त्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. मोजक्या भेटी ठरवू. तुमच्या आयुष्यातला एक प्रश्न घेऊ, एकच. मी विचारत जाईन, तुम्ही बोलाल. दर भेटीच्या शेवटी एखादं काम तुम्ही स्वतः ठरवाल आणि पुढच्या भेटीपर्यंत ते करून याल. तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबायची पूर्ण मोकळीक. आणि तुम्ही काय करावं, हे मी सांगणार नाही.

या शेवटच्या वाक्यावर बरेच जण थबकतात. पैसे द्यायचे आणि सल्लाही मिळायचा नाही, हे पचायला जड आहे. तरी मी ते पहिल्याच फोनवर सांगते, कारण ज्याला सल्ला हवा आहे त्याला सल्ला देणारं जाणतं माणूस मिळालं पाहिजे. धानावरच्या किडीचा प्रश्न असेल तर सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. वाटणीचा असेल तर वकील गाठा. माझ्या तासाभराच्या प्रश्नांनी तुडतुडा मरत नाही आणि सातबाराही फिरत नाही.

हा व्यवसाय आला कुठून, हे माहीत असलं की त्याची मर्यादाही कळते. टिमथी गॉलवे नावाच्या अमेरिकी टेनिस प्रशिक्षकाने १९७४ साली एक पुस्तक लिहिलं. खेळाडूचा स्वतःशीच जो वाद चाललेला असतो तो शांत झाला तर खेळ सुधारतो, हे त्याचं म्हणणं. पुढे ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर यांनी ते कंपन्यांत नेलं. १९९२च्या त्यांच्या पुस्तकातल्या चार पायऱ्या आजही जगभरचे कोच वापरतात: काय हवंय, आज कुठे आहोत, वाटा कोणकोणत्या आहेत, आणि आता नक्की काय करणार. १९९५ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल कोच फेडरेशन स्थापन झालं. म्हणजे हे काम वाढलं ते टेनिसच्या मैदानावर आणि साहेबांच्या केबिनमध्ये. तिथे समोर बसलेला माणूस आपला निर्णय आपण घेऊ शकतो, हे गृहीतच असतं. आमच्याकडे ते गृहीत धरता येत नाही. मुलाने आणखी एक भरती द्यायची की नाही, सुनेने बी.एड. करायचं की नाही, हे घर ठरवतं. म्हणून व्हिटमोर यांच्या चार पायऱ्यांच्या आधी मी माझा एक प्रश्न विचारते: हा निर्णय कोणाच्या हातात आहे? आपल्याला कोचिंग मानवेल का, याचा निम्मा निकाल या एका प्रश्नावर लागतो.

एका मुलाचं सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. गडचिरोलीत खोली करून तो पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीचं गणित त्याला तोंडपाठ होतं: मैदानी ५० गुण, लेखी १००, सोळाशे मीटरला २०. वयाची अट जवळ येत चाललेली. पहिल्या भेटीला तो एक जाडजूड रजिस्टर घेऊन आला. पानापानावर स्केलने आखलेलं वेळापत्रक, लाल पेनाने केलेल्या खुणा. "मॅडम, मले फक्त मोटिव्हेशन पाहिजे. मन लागून नाही राहिलं."

मी त्याला म्हटलं, कालचा दिवस सांग. उठल्यापासून, एकही तास न गाळता. त्याने पहाटेचं मैदान सांगितलं, मेसचा डबा सांगितला, अंकगणिताचे किती प्रश्न सोडवले तेही सांगितलं. दुपारी तीन ते सहा हा तुकडा आला तेव्हा म्हणाला, "चालू घडामोडी." मी विचारलं, कोणतं पान? तो रजिस्टरची कड नखाने उकरत राहिला. मग म्हणाला, "पुस्तक उघडं होतं जी. वाचलं नाही. घरून फोन आला होता." आई म्हणाली होती, यंदा मोह कमी पडला, खोलीचे पैसे पाठवायला उशीर होईल.

त्याची खोली मोहफुलांवर चालत होती. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली आग लावून, जमीन साफ करून, पहाटेच्या अंधारात वेचलेल्या फुलांवर. ज्यांनी ते काम पाहिलं आहे त्यांना कळेल, की त्या पैशाने घेतलेलं पुस्तक समोर उघडं असताना अक्षरं का दिसत नाहीत. त्याला मोटिव्हेशन कमी पडत नव्हतं. एक गोष्ट घरी बोलायची राहिली होती आणि ती न बोलता तो वेळापत्रकं आखत होता.

"काय बोलायचं राहिलंय?" यावर बराच वेळ गेला. शेवटी आलं ते असं: ही शेवटची भरती, असं बाबाला सांगायचं आहे. आणि भीती कशाची? "बाबा म्हणन, मंग एवढे वर्षं कायले घालवले?"

पुढच्या भेटी आम्ही फक्त त्या बोलण्यावर घालवल्या. पहिल्यांदा त्याने ते अर्जासारखं लिहून आणलं होतं, 'मी आपणांस सांगू इच्छितो की' इथपासून. मी म्हटलं, घरी बोलतो तसं बोल. त्याने डोळे मिटले. पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं. दर वेळी एखादा शब्द गळत गेला आणि अखेर उरलं ते एवढं: "बाबा, मी थकलो नाही. पण ही शेवटची भरती. नाही झालं तं मी घरी येतो, अन् आपण मिळून ठरवू."

तो एसटीने गावी गेला आणि बोलला. वडिलांनी ऐकलं, काही न बोलता बांधावर निघून गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रोवणं होऊ दे, मंग बोलू." मी विचारलं, मधले दिवस तू काय केलंस? "रोवणं केलं जी." रोवणी आटोपल्यावर घर बसलं, मामाही आला. एक भरती द्यायची, तोपर्यंत गावाजवळच्या राइस मिलमध्ये सकाळपाळीला हिशेब लिहायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. भरतीत त्याचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या निकालावर आमच्या भेटींचं मोल ठरत नाही. बापलेकांमध्ये जे बोलणं अडलं होतं ते झालं, एवढंच आमचं काम होतं, आणि मला ते मोठं वाटतं.

या मुलाला कोचिंग मानवलं. का मानवलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भरतीचा निर्णय पूर्णपणे त्याचा नव्हता, पण त्याच्या वाट्याचा एक तुकडा होता आणि तो फक्त त्याचाच होता: बोलायचं की नाही. आम्ही तेवढाच तुकडा धरला. शिवाय तो दोन भेटींच्या मध्ये खरंच काहीतरी करत होता. जो माणूस भेटीपुरता हलका होतो आणि मधल्या दिवसांत काहीच हलवत नाही, त्याला मी तसं सांगते आणि थांबवते. मन मोकळं करायला मैत्रीण आहे, बहीण आहे. त्यासाठी फी कशाला?

प्रश्न विचारायचा आणि समोरच्याचा निर्णय समोरच्यापाशी ठेवायचा, ही रीत मी अभ्यासक्रमात वाचली, पण पटली ती मेंढा (लेखा)मुळे. धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते सगळ्या देशाला माहीत झालं. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. लोक या तारखा सांगतात. मला त्यामागचा अभ्यासगट महत्त्वाचा वाटतो. गावातले लोक आणि बाहेरून आलेले जाणकार एकत्र बसायचे, कायदा समजून घ्यायचे, शंका काढायचे, वाद घालायचे. पण अभ्यासगटात निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. बाहेरचा माणूस कितीही शिकलेला असो, तो माहिती देईल, विचारील, ठरवणार गाव. इतकी शिस्त पाळणारा कोच मला शहरातल्या मोठमोठ्या परिषदांतही क्वचित दिसला.

आता ज्यांना हे मानवत नाही त्यांच्याबद्दल. याबाबत मी आग्रही आहे.

एका आश्रमशाळेतल्या शिक्षिकेचा फोन आला. नोकरी सोडायची आहे, पुढे काय करू ते ठरवायला मदत करा. प्रश्न ऐकायला अगदी माझ्या कामातला. पण बोलताना तिचा आवाज एकाच पट्टीत होता. मी झोपेचं विचारलं. रात्री तीनला जाग येते ती येतेच. जेवण? "करते, पण चव लागत नाही." किती दिवस झाले? दिवाळीपासून. मुलींची परेड, गॅदरिंग, ज्यात तिला पूर्वी उत्साह असायचा त्यातलं काहीच नकोसं झालेलं. मग मी तो प्रश्न स्पष्टच विचारला, जो विचारायला माणसं घाबरतात: जगू नये असं वाटतं का? ती म्हणाली, "कधी कधी."

त्या दिवशी मी ध्येय, पर्याय, निर्धार यातलं काहीही काढलं नाही. ती एकटी नाही ना याची खात्री केली, तिच्याच संमतीने तिच्या भावाला फोन लावला, दुसऱ्या दिवशी त्याने तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर तिला लिहून घ्यायला लावला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फोन फुकट, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. नोकरी सोडण्याचा निर्णय उपचार सुरू होऊन मन थाऱ्यावर येईपर्यंत पुढे ढकल, एवढंच मी म्हटलं. पुढे ती माझ्याकडे आली नाही. तिच्या भावाने कळवलं की ती शाळेत परत रुजू झाली, गोळ्या चालू आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडलेली, आवडीचं काही आवडेनासं झालेलं, असं असेल तर कोचकडे जाऊच नका, आधी डॉक्टरकडे जा. नैराश्यात असलेल्या माणसाला "तुझं पाच वर्षांनंतरचं चित्र डोळ्यांसमोर आण" म्हणणं क्रूर आहे. त्याला उद्याची सकाळ दिसत नसते. चित्र आणता आलं नाही की तो त्याचाही दोष स्वतःकडे घेतो.

दारूचंही तसंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी असो-नसो, "नवऱ्याची सुटत नाही, त्याच्याशी बोला," म्हणून बायांचे फोन येतात. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात. गडचिरोली जिल्ह्यात 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती उपक्रमाचं काम २०१६ पासून तालुक्या-तालुक्यात चालतं, तिकडे मी पाठवते. त्या बाईला स्वतःसाठी काही ठरवायचं असेल तर मात्र माझं दार उघडं आहे.

आणि एक प्रसंग असा, की ज्यात मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात नवरा गेलेल्या बायांसाठी 'सकारात्मक विचारां'चं सत्र घ्या, असं एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी सुचवलं. हेतू चांगलाच होता. पण मी त्यांच्यातल्या काही जणींशी आधी बोलले, तेव्हा त्यांच्या अडचणी होत्या वारसाच्या दाखल्याच्या, बँकेतल्या मुदतठेवीच्या, आणि सरपणाला पुन्हा त्याच रानात जावं लागतं त्याच्या. तिथे विचार बदलायची गरज नव्हती. कागद पुरे व्हायला हवे होते, गॅस सिलिंडर भरायला हवा होता, आणि शोक करायला जागा हवी होती. सत्राऐवजी आम्ही तलाठी कार्यालयात आणि बँकेत सोबत जाऊ शकेल असं माणूस शोधलं. माणसाच्या परिस्थितीतला दोष त्याच्या मनःस्थितीवर ढकलायचा, हा आमच्या व्यवसायातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि गरीब जिल्ह्यात तो दुप्पट होतो.

दुसरा धोका बाजाराचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आपल्या देशात रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते. कोचला सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. ते फेडरेशन, ज्याचं नाव आता इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन आहे, प्रमाणपत्रं देतं, त्याच्या तीन पातळ्या आहेत आणि प्रत्यक्ष कोचिंगचे किमान तास त्यांना अनुक्रमे १००, ५०० आणि २५०० लागतात. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच, असं नाही. पण तुम्ही कुठे शिकलात, किती लोकांसोबत काम केलंत, तुमच्या आवाक्याबाहेरचं काही आलं तर कोणाकडे पाठवता, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे जाऊ नका. हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात गाणी लावून, तीन दिवसांत आयुष्य पालटण्याची हमी देऊन, शेवटच्या तासाला पुढच्या महागड्या कोर्सचे फॉर्म वाटतात, तिथून तर उठूनच या. तिथे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आठवडाभर ती उडतात आणि मग आधीपेक्षा खोल बसतात, वर हप्ते सुरू झालेले असतात.

माझा आणखी एक अनुभव आहे आणि तो माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातो. विशीतल्या पुष्कळ मुलामुलींना एकट्याने कोचसमोर बसण्यापेक्षा सोबत्यांमध्ये आणि कामामध्ये जास्त मिळतं. 'आयुष्याचं काय करू' या प्रश्नावर आपल्या या दोन जिल्ह्यांनी जुनं आणि भरीव काम केलेलं आहे. बाबा आमट्यांनी मूलजवळच्या सोमनाथला १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, मुलं सकाळी श्रमदान करतात आणि नंतर बोलायला, ऐकायला बसतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये गडचिरोलीजवळच्या शोधग्रामातून 'निर्माण' सुरू केलं, ते तर याच प्रश्नासाठी. माझ्या शिक्षणाचा समाजाला उपयोग काय, असं ज्यांच्या मनात घोळतं ते तरुण तिथे शिबिरांना येतात, गावांत जातात, एकमेकांना प्रश्न विचारतात. अभय बंगांचं स्वतःचं शालेय शिक्षण सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत झालं. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली रीत. मला त्यातला क्रम पटतो. बावीस वर्षांच्या मुलीला खुर्चीत बसवून ध्येय विचारलं तर ती मोबाइलवर ऐकलेलं उत्तर देते. तीच मुलगी आठवडाभर अनोळखी गावात राहिली, कुणाच्या तरी अंगणात भाकरी खाल्ली, की तिचे प्रश्न तिचे स्वतःचे होतात. कोचची गरज लागलीच तर त्यानंतर.

म्हणून अलीकडे मी गडचिरोलीतल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी मुलांसोबत बसते. मेंढ्याच्या अभ्यासगटाची शिस्त आम्ही उसनी घेतली आहे. एकाने आपला प्रश्न मांडायचा. बाकीच्यांनी फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. फी नाही. पहिले काही रविवार हे फार अवघड गेलं. "मी सांगतो ना, तू असं कर" हे वाक्य आपल्या जिभेवर बसलेलंच असतं. आता कुणी तसं सुरू केलं की दुसरेच त्याला आवरतात, "विचार, सांगू नको."

मागच्या वेळी एटापल्लीकडच्या एका मुलीचा प्रश्न होता. नर्सिंग झालं आहे, नागपूरच्या एका खासगी रुग्णालयातून बोलावणं आलं आहे, आणि घरचे म्हणतात इकडेच आरोग्य खात्यात जागा निघेल तोवर थांब. मुलांनी विचारलं: नागपुरात राहशील कुठे? पगारातून घरी किती पाठवायचे? इकडच्या उपकेंद्रात रात्रीची डिलिव्हरी आली तर सोबत कोण असते? तू माडियात बोलतेस, ते नागपुरात कोणाच्या कामी येणार? या शेवटच्या प्रश्नावर ती जरा थांबली, वहीत लिहून घेतला. उत्तर दिलं नाही, आम्ही मागितलंही नाही. कोणाकोणाला विचारायचं त्याची यादी मात्र तिने तिथेच केली: उपकेंद्रातल्या सिस्टर, नागपूरला गेलेली वर्गमैत्रीण, आणि आई. आईचं नाव आधी तिसरं होतं, ते खोडून तिने पहिलं लिहिलं. येत्या रविवारी ती बसायला येणार नाही. गावी जाणार आहे.